कोण बोलतंय ते कळलं, पण ऐकतंय कोण?

ताई, सप्रेम नमस्कार. मी तुलनात्मक साहित्य घेऊन एम.ए. करते आहे, शेवटचं वर्ष. सेमिनारला विषय घेतलाय ग्रीक मिथकं आणि आधुनिक कविता, यांतल्या दृष्टिकोनाची तुलना. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातली, ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या ओडिसियसची वीस वर्षं वाट बघणारी बायको पेनेलोपी मला पहिल्यापासून आवडते, म्हणून पेपर तिच्याभोवतीच बांधायचं ठरवलं. एक तक्ता केला. डावीकडे प्राचीन: तृतीयपुरुषी, तटस्थ, पुरुषाच्या नजरेतून. उजवीकडे आधुनिक: प्रथमपुरुषी, भावनिक, बाईच्या नजरेतून. गाईड मॅडमनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, ‘निष्कर्ष आधी लिहून मग पुस्तकं उघडलीस का?’ पुढं काही बोलल्या नाहीत. दुसरं असं, की मी पेनेलोपीच्या तोंडून एक कविता लिहिली आहे. ‘वीस वर्षं मी विणत राहिले, तू मात्र किनारे बदलत राहिलास’ अशी सुरुवात आहे. आमच्या कवितेच्या गटात एक जण म्हणाला, ‘हे आता फार झालं. जो तो पुराणातल्या बाईच्या हातात माईक देतोय.’ राग आला, पण उत्तर सुचलं नाही. पेपरच्या शेवटी आपल्या जात्यावरच्या ओव्यांतली सीता आणायचाही विचार आहे. वेळ वीस मिनिटं. काय करू?
– तक्त्यात अडकलेली, नाशिक

प्रिय तक्त्यात अडकलेली,

तुझ्या मॅडमचं म्हणणं बरोबर आहे, पण वाक्य अर्ध्यावर सोडून त्या गेल्या हे काही बरं केलं नाही. तक्ता करण्यात गैर काही नाही. तुझ्या दोन्ही रकान्यांना सुरुंग लावणारे पुरावे मात्र तू बाहेरच ठेवलेस, आणि त्यातला एक खुद्द पेनेलोपीचा आहे.

ओव्हिड हा रोमन कवी, लॅटिनमध्ये लिहिणारा, जन्म इसवी सनापूर्वी ४३. त्यानं ‘हेरॉइडीस’ नावाचा एक पत्रसंग्रह लिहिला. पुराणकथांतल्या बायकांनी दूर गेलेल्या पुरुषांना लिहिलेली ही पद्यातली पत्रं. पहिलंच पत्र पेनेलोपीचं. ती नवऱ्याला बजावते की उत्तर धाडू नकोस, स्वतः ये. ट्रॉय पडलं, बाकीच्यांचे नवरे घरी आले, जेवायला बसल्यावर सांडलेल्या वाइनमध्ये बोट बुडवून मेजावर ट्रॉयचा नकाशा काढताहेत, ‘इथं ही नदी, इथं तो तट’ असं बायकांना दाखवताहेत. आणि माझ्यापुरतं ट्रॉय अजून उभंच आहे. शेवटी ती म्हणते, तू निघालास तेव्हा मी पोर होते, आता अगदी आज आलास तरी तुला म्हातारीच दिसेन. प्रथमपुरुष आहे, भावना आहे, बाईची नजर आहे, आणि हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. लिहिणारा पुरुष होता हे खरं. तो मुद्दा तू जरूर मांड. पण ‘मी’ म्हणणारी पेनेलोपी विसाव्या शतकात जन्मली असं आता तुला लिहिता येणार नाही. आणि हो, होमर आणि ओव्हिड यांना ‘प्राचीन’ म्हणून एकाच पोत्यात कोंबू नकोस. एक ग्रीक, दुसरा रोमन, आणि मध्ये सहा-सातशे वर्षं.

या पत्रात एक खोड आहे, आणि मला जे सांगायचंय ते तिच्यातच आहे. पेनेलोपी लिहिते की इथाकाच्या, म्हणजे त्यांच्या बेटाच्या, किनाऱ्याला जो कोणी परका माणूस लागतो त्याला मी तुझ्याबद्दल खोदून खोदून विचारते, आणि तुला कुठं भेटलाच तर देण्यासाठी माझ्या हातचं पत्र त्याच्याजवळ देते. ‘ओडिसी’ वाचलेल्या माणसाच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो की यानंतर किनाऱ्याला लागणारा परका कोण? भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस. काही अभ्यासक हे पत्र असंच वाचतात, म्हणजे ती ज्याला लिहितेय त्याच्याच हातात, न ओळखता, ते ठेवणार आहे. पत्रातला एकही शब्द न बदलता सगळं पत्र बदललं. का, तर वाचणारा कोण हे आपल्याला कळलं.

तेव्हा ‘कोण बोलतंय’ या प्रश्नाला तुझ्या पेपरमध्ये अर्धं पानच दे. उरलेली जागा ‘कोणाला सांगतंय, आणि त्याच्याकडून काय हवंय’ या प्रश्नाला दे.

आता डावा रकाना. ‘तृतीयपुरुषी, तटस्थ.’ ओडिसीतला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग घे, कफन विणण्याचा. नवरा मेला असं धरून पेनेलोपीला मागणी घालणारे तिच्या घरात तळ ठोकून बसलेत, त्यांना ती सांगते की सासऱ्याचं, लेअर्टिसचं, कफन विणून होऊ द्या, मग लग्नाचं बघू. दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं खपून जातं, चौथ्या वर्षी पकडली जाते. हे सगळं होमरचा निवेदक आपल्याला सांगतच नाही! चोवीस सर्गांत ही हकीकत तीनदा येते आणि तिन्ही वेळा कुणा ना कुणा पात्राच्या तोंडून येते. ओळीही बऱ्याचशा त्याच, शब्दाला शब्द.

पहिल्यांदा दुसऱ्या सर्गात, इथाकाच्या भरसभेत. बोलणारा अँटिनोअस, मागणी घालणाऱ्यांचा म्होरक्या. समोर पेनेलोपीचा मुलगा टेलेमाखस, नुकताच रडकुंडीला येऊन ‘माझं घर खाऊन टाकलंत’ म्हणालेला. अँटिनोअसला लोकांपुढं हात झटकायचे आहेत. दोष आमचा नाही, तुझ्या आईचा, तिनं आम्हाला कसं झुलवलं ऐका. तिला तिच्या बापाकडे पाठव आणि लग्न करायला लाव, तोवर आम्ही इथून हलत नाही. गंमत म्हणजे आरोप करता करता तो तिची तारीफही करून बसतो, की जुन्या काळातल्या टायरो, अल्कमीनी, मायसीनी यांच्यापैकी एकीचंही डोकं हिच्यासारखं चाललं नसतं.

दुसऱ्यांदा एकोणिसाव्या सर्गात, रात्री, शेकोटीपाशी. आता पेनेलोपी स्वतः सांगतेय. ऐकणारा एक भिकारी, म्हणजे ओडिसियस. तिला तो कोण हे माहीत नाही (की आहे? यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही). अँटिनोअसच्या सांगण्यात नसलेल्या गोष्टी इथं येतात. कफनाची कल्पना कुठल्याशा देवानं मनात घातली. दासींनी दगा दिला, आणि त्यांना ती कुत्र्या म्हणते. आता आईवडील लग्नाचा लकडा लावताहेत, मुलगा संपत्ती उडतेय म्हणून कावलाय, दुसरी युक्ती सुचत नाही. आणि एवढं सगळं एका अनोळखी माणसापुढं का उघडं करते? कारण त्याच्याकडून तिला त्याची हकीकत काढून घ्यायची आहे. मी माझं सांगितलं, आता तू कुणाचा कोण ते सांग.

तिसऱ्यांदा शेवटच्या, चोविसाव्या सर्गात, मेलेल्यांच्या लोकात. बोलणारा अँफिमेडॉन, घरी परतलेल्या ओडिसियसनं सगळ्या मागणीदारांना कापलं, त्यातलाच एक. ऐकणारा ट्रॉयवर गेलेल्या ग्रीक सैन्याचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन, त्याचा आत्मा. अँफिमेडॉनच्या मते हा नवरा-बायकोनं मिळून केलेला कट होता. कफन धुऊन सूर्यचंद्रासारखं चमकत दाखवलं, नेमकं तेव्हाच नवरा उगवला आणि त्यानंच बायकोला धनुष्याची पैज (जो ओडिसियसचं धनुष्य वाकवील त्याच्याशी लग्न) लावायला सांगितलं. आपण एकोणिसाव्या सर्गात वाचलेलं असतं की धनुष्याची कल्पना तिचीच होती. म्हणजे हा मेलेला माणूस चुकतोय, आणि होमर त्याला चुकू देतोय.

पण खरी कमाल पुढं आहे. अ‍ॅगमेम्नॉन हा कसा माणूस? ट्रॉयहून घरी आला आणि बायकोनं, क्लायटेम्नेस्ट्रानं, प्रियकराला हाताशी धरून त्याचा जीव घेतला. त्याच्यापुढं अँफिमेडॉन गाऱ्हाणं मांडतो की पेनेलोपीनं आम्हाला फसवून मारलं, आणि अ‍ॅगमेम्नॉन ऐकून म्हणतो काय? ओडिसियस, नशीबवान आहेस रे बाबा, काय बायको मिळाली! देव तिच्यावर गोड गाणं रचतील, माझ्या बायकोवर मात्र किळस येईल असं. सांगणाऱ्यानं सांगितली फिर्याद आणि ऐकणाऱ्यानं ऐकली स्तुती. मोडलेल्या लग्नाची हकीकत मुलाकडच्यांनी सांगावी आणि ऐकणाऱ्या आत्यानं मनात आपल्याच संसाराचा हिशेब मांडावा, तसं.

आता एक वाक्य जवळून बघ. तिन्ही सांगण्यांच्या शेवटी असं येतं की तिनं कफन पूर्ण केलं ते मनाविरुद्ध, नाइलाजानं. अँटिनोअसच्या तोंडी ही फुशारकी आहे, आम्ही तिला करायला लावलं. पेनेलोपीच्या तोंडी तेच शब्द ‘मी’ लावून येतात आणि तिथं ती हार आहे. अँफिमेडॉनच्या तोंडी त्यातून संशय डोकावतो, कारण त्याला शेवट ठाऊक झालाय. ओळ एक, ऐकणारे तीन. हे बघितल्यावर ‘तटस्थ’ हा शब्द तक्त्यात ठेवशील?

निवेदक स्वतः बोलतो तेव्हाही तो कोरडा नसतो. शेकोटीपाशी पेनेलोपीचं सांगून झाल्यावर ओडिसियस चक्क थाप मारतो. मी क्रीटचा एथॉन, इडोमेनियसचा धाकटा भाऊ, तुझा नवरा एकदा आमच्याकडे उतरला होता. ते ऐकून ती रडते. निवेदक म्हणतो, पश्चिमेच्या वाऱ्यानं डोंगरमाथ्यावर टाकलेलं बर्फ पूर्वेच्या वाऱ्यानं वितळावं आणि नद्या फुगाव्यात तसे तिचे गाल वितळत होते. शेजारीच बसलेल्या नवऱ्यासाठी ती रडत होती. आणि नवऱ्याचे डोळे? शिंगाचे नाहीतर लोखंडाचे असावेत तसे स्थिर. आत त्याला तिची कीव येत होती, पण आसवं त्यानं चलाखीनं दाबली. एका ओळीत तिचे गाल दिसतात, दुसऱ्या ओळीत त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं, आणि तिला यातलं काहीच दिसत नाही. सगळं तृतीयपुरुषात. आणखी एक मासला देते, पेपरमध्ये घालू नकोस पण माहीत असू दे. अख्ख्या ओडिसीत निवेदक फक्त एकाच पात्राशी थेट ‘तू’ म्हणून बोलतो, आणि ते पात्र राजा नाही की राणी नाही. डुकरं राखणारा युमेयस आहे.

झेरार झेनेत या फ्रेंच समीक्षकानं १९७२ मध्ये ‘कोण बघतं’ आणि ‘कोण बोलतं’ हे दोन प्रश्न वेगळे काढून दाखवले, आणि ग्रीक साहित्याच्या अभ्यासक इरेन द योंग यांनी १९८७ च्या पुस्तकात तीच हत्यारं ‘इलियड’वर चालवली. परीक्षकांना नावं लागतातच, तर ही दोन पुरेत.

आता आधुनिक बाजूकडे ये, आणि पहिली कविता अशी घे जी तुझ्या उजव्या रकान्यात बसतच नाही. यानिस रित्सोस, ग्रीक कवी, डावा, म्हणून लष्करी राजवटीनं १९६७ मध्ये पकडून बेटांवर डांबलेला. ‘पेनेलोपीची निराशा’ ही त्याची छोटी कविता १९६८ ची. कवी पुरुष, कविता तृतीयपुरुषी. तुझ्या तक्त्याप्रमाणे ती थंड निघायला हवी.

ती सुरू होते नकारानं. चुलीच्या मंद उजेडात त्याला ओळखलं नाही असं नव्हतं. भिकाऱ्याच्या चिंध्यांचाही प्रश्न नव्हता. खुणा स्पष्ट होत्या. हा नकार कुणाला उद्देशून आहे? होमरला. तेविसाव्या सर्गात पेनेलोपी नवऱ्यासमोर भिंतीपाशी, आगीच्या उजेडात, बराच वेळ गप्प बसून राहते, आणि निवेदक कारण देतो की कधी चेहरा ओळखीचा वाटे, कधी अंगावरच्या चिंध्यांमुळे ओळख पटत नसे. रित्सोस त्या गप्प बसण्याला हात लावत नाही. भिंत तीच, उजेड तोच. तो फक्त होमरनं दिलेलं कारण खोडतो आणि दुसरं ठेवतो: ती वेळ काढत होती, मनातलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. याच्यासाठी वीस वर्षं घालवली? या रक्तानं माखलेल्या, पांढऱ्या दाढीच्या परक्यासाठी? मग ती खुर्चीत कोसळते, जमिनीवर पडलेल्या मागणीदारांची प्रेतं एकेक न्याहाळते, जणू आपल्याच इच्छा मरून पडल्यात, आणि त्याचं स्वागत करते; तो आवाज तिला स्वतःलाच परका वाटतो. कोपऱ्यात तिचा माग, त्याच्या सावल्या छतावर गजांसारख्या. हिरव्या पानांत लाल धाग्यानं विणलेले पक्षी एकाएकी राखेसारखे, काळे होतात.

होमरमध्ये ती प्रेतं पेनेलोपीला दिसतच नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंय का? मागणीदारांची कत्तल चालू असताना अथीना देवीनं तिला वर खोलीत झोपवलेलं असतं, आणि जागी झाल्यावर ती म्हणते की नवरा गेल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती! ती खाली येते तोवर प्रेतं हलवलेली, जमीन धुतलेली, गंधकाची धुरी दिलेली. महाकाव्यातल्या सगळ्यात मोठ्या घटनेच्या वेळी कवीनं तिचे डोळे मिटून ठेवले. रित्सोसनं ते उघडले आणि प्रेतं तिच्यासमोर तशीच राहू दिली. तिला ‘मी’ म्हणायला न लावता हे त्यानं केलं. मला विचारशील तर माइक देण्यापेक्षा ही करामत अवघड.

वाटेल तसं नवं मात्र तो काही रचत नाही. तिला मागणीदारांबद्दल काही वाटत असेल का, ही शंका होमरमध्येच आहे, आणि तीही तिच्या तोंडून. त्याच एकोणिसाव्या सर्गात ती भिकाऱ्याला एक स्वप्न सांगते. घरी वीस हंस दाणे टिपताहेत, त्यांना बघून बरं वाटतंय. डोंगरावरून गरुड येतो, सगळ्यांच्या माना मोडतो. ती स्वप्नातच हमसून रडते. गरुड परत येऊन माणसाच्या आवाजात सांगतो की हंस म्हणजे ते मागणीदार आणि मी तुझा नवरा. जाग आल्यावर ती आधी अंगणात बघते, तर हंस पूर्वीसारखे गहू खाताहेत. आता गरुडाचा अर्थ घे किंवा तिचं रडणं घे. रित्सोसनं रडणं घेतलं असं मी वाचते, आणि ते काळे पडलेले पक्षी मला या हंसांचे नातलग वाटतात. हे माझं वाचन आहे. पटलं तर तुझ्या शब्दांत मांड.

दुसरी कविता एडना सेंट व्हिन्सेंट मिले या अमेरिकन कवयित्रीची, तिच्या मृत्यूनंतर १९५४ च्या संग्रहात आलेली. इथं ‘मी’ आहे, पण ती पेनेलोपी नाही. एप्रनच्या टोकानं डोळे पुसणारी एक साधी बाई आहे. तिला वाटतं, पेनेलोपीनंही हेच केलं असेल. दिवसभर विणायचं, रात्रभर उसवायचं, हात दुखतात, मान अवघडते, आणि नवऱ्याचा वर्षानुवर्षं पत्ता नाही. मग ती म्हणते की युलिसिसनंही (ओडिसियसचंच लॅटिन नाव) डोळे पुसले, पण जमलेल्या लोकांना दिसावं म्हणून. तो आविर्भाव तो पेनेलोपीकडून शिकला; ती खरी रडली होती. आता हे होमरशी लावून बघ. आठव्या सर्गात फायेशियन लोकांच्या दरबारात ट्रॉयचं गाणं ऐकून ओडिसियस रडतो तेव्हा तो डोक्यावरून झगा ओढून घेतो, आणि फक्त राजा अल्किनोअसच्या ते लक्षात येतं. तर बायकोसमोर त्याचे डोळे लोखंडाचे. मिलेनं त्याच्यावर थोडा अन्याय केला असं माझं मत आहे. पण कविता म्हणजे काही कोर्ट नव्हे, आणि एप्रनवाल्या बाईचा राग खरा आहे.

तिसरी कॅरल ॲन डफी या ब्रिटिश कवयित्रीची ‘पेनेलोपी’, १९९९ ची. प्रथमपुरुषी, तुझ्या रकान्यातली हुकमी. यावर फार वेळ घालवू नकोस, कारण यावर सगळेच लिहितात. एवढंच टिप की इथं कफन नाही, सासरा नाही, मागणीदार आहेत पण कडेला. पहिले काही महिने वाट बघून झाल्यावर ती भरतकामात इतकी गढते की वाट बघणं विसरते, आणि ओळखीची पावलं दाराशी वाजतात तेव्हा ती पुन्हा सुईत धागा ओवते. ती कोणाला सांगतेय? कोणालाच नाही. होमरची पेनेलोपी कायम कोणाला तरी काही सांगत असते, कारण तिला प्रत्येकाकडून काहीतरी हवं असतं. डफीच्या पेनेलोपीला कोणाकडूनच काही नको. माझ्या मते तुझ्या पेपरमधली सगळ्यात रोखठोक तुलना ही आहे.

आता तुझ्या गटातले ते माइकवाले. त्यांचं बोलणं खवचट आहे, पण साफ चुकीचं नाही. पुराणातली बाई ‘मी’ म्हणून उभी केली की कविता झाली, असा समज गेली बरीच वर्षं जगभर बोकाळलाय. बाई उभी राहते, तिला अन्याय ठाऊक असतो, निकाल ठाऊक असतो, आणि ती तो वाचून दाखवते. तुझ्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी मी तीनचारदा वाचल्या. लय चांगली आहे, ‘किनारे बदलत राहिलास’ मध्ये चिमटा आहे. पण हे ती त्याला कधी सांगतेय? तो समोर आहे का? असेल तर अंगावर रक्त आहे की आंघोळ झालीय? आणि तो गेला होता तिथं किनारे बदलत होता हे तिला कोणी सांगितलं? होमरमध्ये तो स्वतःच सांगतो, त्या रात्री अंथरुणात, वाटेत ज्यांच्याकडे राहिला त्या सर्सी आणि कॅलिप्सो या देवींच्या गोष्टींसकट, आणि ती झोप न येता ऐकत राहते. तिनं त्यावर काय म्हटलं ते होमर देत नाही. तिथं जागा मोकळी आहे.

दुसरी मोकळी जागा लेअर्टिसची. ज्याचं कफन तीन वर्षं विणलं आणि उसवलं तो म्हातारा मेलेला नव्हता! मळ्यात राहत होता, ठिगळं लावलेले कपडे, हातात काट्यांसाठी मोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी, एका रोपाभोवतीची माती उकरत. चोविसाव्या सर्गात मुलाला तो असा दिसतो. आपलं कफन सुनेनं रोज रात्री उसवावं आणि त्यामुळं आपलं मरण जणू पुढं ढकललं जावं, याबद्दल त्याला काय वाटत असेल? पेनेलोपीनं हे सगळं त्याला सांगायचं ठरवलं तर ती कशी सुरुवात करेल? ‘वीस वर्षं मी विणत राहिले’ अशी खचितच नाही. सासऱ्यापुढं सुनेचा सूर वेगळा लागतो, हे मी तुला सांगायला नको. कत्तलीनंतर मागणीदारांना सामील झालेल्या बारा दासींना फाशी दिली तो प्रसंग मात्र घेऊ नकोस. मार्गारेट ॲटवुडनं २००५ च्या कादंबरीत त्यांना बोलतं केलंय, आणि तिच्या सावलीतून बाहेर पडायला तुला वेळ लागेल.

ओव्यांचं म्हणशील तर या पेपरमध्ये नको. जात्यावरच्या ओव्यांतली सीता हा फार मोठा ऐवज आहे. वनवासाला निघालेल्या सीतेचं दुःख दळणाऱ्या बायकांनी आपल्या सासुरवासाला जोडून घेतलंय, आणि ऐकणारी बहुधा जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली जाऊ नाहीतर शेजारीण. म्हणजे ‘कोणाला सांगतंय’ हा प्रश्न तिथं कितीतरी जास्त रंगेल. पण शेवटच्या दोन मिनिटांत आपल्याकडचंही काहीतरी हवं म्हणून सीतेला आणलंस, तर ती तोंडी लावण्यापुरती उरेल. तिच्यावर वेगळा पेपर लिही.

वीस मिनिटांचं असं कर. ओव्हिडच्या पत्राला दोन मिनिटं, कफनाच्या तीन सांगण्यांना आठ, रित्सोसला सहा, मिले आणि डफी मिळून चार. कफनाचे उतारे सर्ग २ मध्ये ओळी ९३ ते ११०, सर्ग १९ मध्ये १३७ ते १५६ आणि सर्ग २४ मध्ये १२८ ते १४६ असे आहेत. तिन्ही एका पानावर शेजारी शेजारी छापून सगळ्यांच्या हातात दे. तुझा तक्ता गेला तिथं हा येऊ दे. एमिली विल्सनचा २०१७ चा इंग्रजी अनुवाद मूळ ग्रीकइतक्याच ओळींचा आहे, त्यामुळे ओळ क्रमांक पटकन जुळतात. सोबत रिचमंड लॅटिमोरचा जुना अनुवाद ठेव. रित्सोससाठी एडमंड कीलीचा अनुवाद बघ. संदर्भ देताना पान क्रमांक नको, सर्ग आणि ओळ दे, नाहीतर परीक्षक तिथंच अडकतात.

कविता पुन्हा लिहिलीस तर मला पाठव. पेपर मात्र मॅडमनाच दे.